बारशाआधीच दुरावलेलं बाळ

२२ मार्च ८४१ रोजी दक्षिण फ्रान्समधल्या युझेस गावी दुओदा नावाच्या सरदारपत्नीला दुसरा मुलगा झाला. बाप्तिस्मा व्हायच्या आधीच नवऱ्याने माणसं धाडून बाळाला नैऋत्य फ्रान्समधल्या अक्विटेनला नेलं. थोरला विल्यम जेमतेम चौदा वर्षांचा. त्याच उन्हाळ्यात बापाने त्याला फ्रँक राजा चार्ल्सच्या पदरी जवळजवळ ओलीस म्हणूनच ठेवला. घरात उरली एकटी आई.

तिचा नवरा बर्नार्ड दक्षिण फ्रान्समधल्या सेप्टिमानिया प्रांताचा काउंट होता. फ्रँक लोकांच्या राज्यात, म्हणजे आजच्या फ्रान्स-जर्मनी भागात, काउंट म्हणजे राजाने प्रांतावर नेमलेला अधिकारी. न्यायनिवाडा, वसुली, फौज सगळं त्याच्याच हाती. बर्नार्डने ८२७ मध्ये बार्सिलोना राखलं, ८२९ मध्ये दरबारात वर चढला. पण सम्राट लुईची बायको, सम्राज्ञी ज्युडिथ, हिच्याशी त्याचं नाव जोडलं गेलं आणि ८३० मध्ये त्याला पळावं लागलं. राग निघाला घरच्यांवर. भाऊ हेरिबर्टचे डोळे काढले. बहीण गेर्बर्गा मठात राहणारी. ८३४ मध्ये तिला चेटकीण ठरवून पिंपात कोंडलं आणि सोन नदीत बुडवलं.

हे बखरकारांनी लिहिलं. घराची आतली बाजू कळते ती दुओदाच्या वहीमुळे. नोव्हेंबर ८४१ ते फेब्रुवारी ८४३ या काळात तिने विल्यमसाठी लॅटिनमध्ये एक उपदेशग्रंथ लिहिला. सुरुवातीच्या कवितेतली ठरावीक आद्याक्षरं जुळवली की निरोप उमटतो: ‘दुओदाकडून लाडक्या मुलाला, विल्यमला, नमस्कार. वाच.’ नवऱ्याच्या चाकरीपायी आपण ख्रिस्ती आणि ज्यू सावकारांचं कर्ज काढलंय, फेडायचं राहिलं तर तू फेड, असंही ती सांगते. सासरच्या मृतांची यादी देते, त्यांच्यासाठी प्रार्थना कर म्हणते. त्या यादीत गेर्बर्गा आहे. बखरीतली चेटकीण इथे घरातली आत्या म्हणून भेटते, आणि मला हा पुरावा सर्वांत मोलाचा वाटतो.

धाकट्याला ती ‘तुझा लहान भाऊ’ म्हणते, कारण त्याचं नाव काय ठेवलं हे अजून तिच्या कानावर आलेलं नसतं.

राजाशी इमान राख, असं तिने विल्यमला बजावलं होतं. ८४४ मध्ये चार्ल्सने बर्नार्डला ठार केलं. विल्यमने ८४८ मध्ये बार्सिलोना बळकावलं आणि ८५० मध्ये तिथेच तो मारला गेला. मी गेले की मृतांच्या यादीत माझंही नाव घाल, असं तिने त्यालाच लिहून ठेवलं होतं.