दीडीचा हिशेब आणि ७१०ची भिंत

यवतमाळकडच्या आमच्या गावात ‘दीडी’ म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. मृगात पेरणीसाठी हजार उचलायचे, कापूस विकला की दीड हजार द्यायचे. नाही जमलं, तर पुढच्या साली दीडी त्या दीड हजारांवर. पाच वर्षांत हजाराचे साडेसात हजारांवर जातात.

याकोब बर्नुलीने १६८३ मध्ये व्याजाचाच एक प्रश्न घेतला होता. वर्षाला शंभर टक्के व्याज असेल तर रुपयाचे दोन होतात. सहामाही आकारणी केली तर सव्वादोन, दरमहा २.६१, रोज २.७१४६. सावकार क्षणाक्षणाला व्याज चढवू लागला तरी आकडा २.७१८२८...च्या पुढे सरकत नाही. हाच ‘ई’, हे अक्षर त्याला दिलं ऑयलरने.

भाचा सध्या पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय. घातासाठी त्याने टोपीची खूण (^) टाकली आणि ओरडला, “मामा, दोनाचा घन एक येऊन राह्यला!” पायथनमध्ये ती खूण घाताची नाहीच. ती दोन आकड्यांचे बिट, म्हणजे संगणकातले ० आणि १, ताडून पाहते: दोन म्हणजे तिथे १० आणि तीन म्हणजे ११, यांत फरक फक्त शेवटच्या बिटाचा, म्हणून उत्तर १. घाताला दोन फुल्या (**) लागतात. मग ‘ई’चा घात काढायला त्याने २.७१८ लिहून पुढे दोन फुल्या टाकल्या. लहान घाताला हे खपतं, पण घात १०० झाला की उत्तर एक टक्क्याने कमी भरतं. (कोणता सावकार एक टक्का सोडतो?) त्यापेक्षा पायथनच्या मॅथ मॉड्यूलमधलं, ‘ई’चा घात काढून देणारं ‘एक्स्प’ बरं.

ते आत ‘ई’ला ‘ई’ने गुणत बसत नाही. धान्य मोजताना आधी पायल्या आणि उरलं ते शेराने, तसंच इथे. घातातून ०.६९३च्या, म्हणजे २च्या नैसर्गिक लॉगॅरिदमच्या (‘ई’चा एवढा घात केला की २ येतात), पूर्ण पटी बाजूला काढल्या की तेवढे दोनाचे घात झाले. ते संगणकाला जवळपास फुकटच. उरलेला तुकडा छोट्या बहुपदीने भागवतात.

पण पायलीही कधीतरी भरते. दशांश आकड्यांची नेहमीची जागा साधारण १.८ × १०³⁰⁸ पर्यंतच पुरते. एक्स्पला ७०९ दिले तर उत्तर येतं, ७१० दिले की पायथन ओव्हरफ्लो, म्हणजे आकडा जागेत मावत नाही, म्हणून थांबतो. जावास्क्रिप्ट ही दुसरी भाषा खुशाल ‘इन्फिनिटी’ (अनंत) लिहून मोकळी होते.

उलट्या बाजूला उणे ७४६ द्या. उत्तर इतकं लहान की निमूट शून्य येतं, तक्रार नाही की काही नाही. मला हेच जास्त फसवं वाटतं: पुढे कुठेतरी त्याच शून्याने भागायची वेळ येते, प्रोग्राम तिथे पडतो आणि आपण भलत्याच ओळीत चूक शोधत बसतो.