शेतकरी अपघात अनुदान: अर्ज नेमका कुठे अडतो

उन्हाळ्यात आमदारांचं कार्य-अहवालाचं पत्रक गावोगाव येतं. मंजूर रस्ते, भूमिपूजनाचे फोटो, टँकर, आणि मागच्या पानावर योजनांची यादी. त्यात गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेला एखादी ओळ मिळते: 'अपघाती मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख रुपये.' ओळ खोटी नाही. पण तिच्या भरवशावर लोक अपघातानंतर दीड-दोन महिन्यांनी आमदारांच्या कार्यालयात येतात, शिफारसपत्र मागतात, ते मिळतंही. अर्जाला लागणाऱ्या कागदांत आमदारांचं पत्र मात्र कुठेच नाही.

अर्ज द्यायचा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात, आणि तोही अपघाताच्या तारखेपासून 30 दिवसांत. तेराव्यापासून नाही, शवविच्छेदनाचा अहवाल हातात आल्यापासूनही नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. 'कागद पूर्ण झाले की या' असं टेबलावरून सांगितलं जातं आणि माणसं गुमान परत फिरतात. परत फिरू नका. आहेत तेवढे कागद लावून अर्ज द्या, तारीख-शिक्क्याची पोच घ्या, बाकीचे मागाहून जोडा. रासायनिक विश्लेषणाचा अहवाल यायला कितीतरी महिने जातात; त्याची वाट पाहत घरी बसलात तर मुदत गेलीच म्हणून समजा.

पात्रता थोडक्यात. वय 10 ते 75. सातबारावर नाव असलेला शेतकरी, आणि त्याच्या घरातली खातेदार नसलेली एक व्यक्ती: आई, वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी यांपैकी. सून या यादीत नाही. खुरपणीला तीच, जनावरांना वैरण टाकायला तीच, पण स्वतःच्या नावावर जमीन नसेल तर सासऱ्याच्या सातबारावर तिला काही मिळत नाही. मजा बघा, मृताच्या वारसांना पैसे देण्याचा जो क्रम ठरवलाय त्यात सुनेचा नंबर आहे. मृत्यूला किंवा दोन डोळे, दोन अवयव गेल्यास 2 लाख. एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास 1 लाख.

रस्ता अपघात, विहिरीत बुडणं, विजेचा धक्का, वीज पडणं, फवारणीची विषबाधा, सर्पदंश, झाडावरून पडणं, बाळंतपणातला मृत्यू हे सगळं बसतं. नैसर्गिक मृत्यू, आत्महत्या आणि दारूच्या अमलात झालेला अपघात बसत नाही. गाडी मृत व्यक्तीच चालवत असेल तर तिचा वैध परवाना लागतो. मोटारसायकलच्या निम्म्या फायली इथेच मरतात, आणि त्यावर माझ्याकडे तरी तोडगा नाही.

सातबारा, आधार, वयाचा दाखला, बँक पासबुक हे कागद घरात सापडतात. मृत्यूचा दाखला मृत्यू जिथे झाला तिथून निघतो. जिल्हा रुग्णालयात प्राण गेला असेल तर गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून काही होत नाही. वारस नोंदीचा गाव नमुना 6-क तलाठ्याकडे मिळतो (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पद बदललं, सज्जावर न सापडण्याची सवय तीच). ही नोंद दुःखाचे दिवस सरल्यावर बघू म्हणून मागे ठेवली जाते आणि महिना त्यातच संपतो. घरातल्या एकाने पहिल्याच आठवड्यात तेवढं एक काम अंगावर घ्यावं.

आता सर्पदंशाचं. उन्हाळ्यात कडब्याची गंजी हलवताना, रात्री मोटार चालू करायला जाताना साप चावतो. माणूस आधी मांत्रिकाकडे, मग दवाखान्याच्या वाटेवरच दगावतो. नातेवाईक म्हणतात, आता चिरफाड कशाला, आणि संध्याकाळपर्यंत सगळं उरकतात. मग पोलिसांत खबर नाही, पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही. गाव अख्खं साक्षीला असतं, फाईल रिकामी असते. अशा वेळी घरच्यांना हे सांगणं कठीण आहे, पण कुणीतरी शेजाऱ्याने, पोलीस पाटलाने सांगायलाच हवं: आधी पोलिसांत वर्दी द्या, मृतदेह ग्रामीण रुग्णालयात न्या, मग अंत्यसंस्कार करा. दवाखान्यात पोचला असेल तर तिथला केसपेपर जपून ठेवा. नोंद वहीत एक ओळीची असली तरी ती पुढे कामाला येते.

वीज पडून मृत्यू झाला असेल तर पहिली धाव तहसीलला. नैसर्गिक आपत्तीची 4 लाखांची मदत तिथून मिळते.

अर्ज गेल्यावर महसूल, पोलीस आणि कृषी विभागाची माणसं चौकशी करतात आणि तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालची समिती निर्णय घेते. पूर्वी मध्ये विमा कंपनी असायची, एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने ती गेली. प्रस्ताव नामंजूर झाला तर 'तुमचं बसत नाही' या तोंडी उत्तरावर घरी येऊ नका. कारणासह लेखी पत्र मागा. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अपील करताना तेच जोडावं लागतं. आमदारांचा फोन वापरायचाच असेल, तर तो हे पत्र मिळवायला वापरा.