क्लेशकारक भावनांतून कार्यप्रेरणा

क्लेशकारक भावनांतून कार्यप्रेरणा : अपमान, राग, भीती, हेवा, शरम, अपयशाची बोच अशा नकोशा भावनांतून उसळणारी ऊर्जा अभ्यास, नोकरी-धंदा, खेळ किंवा सार्वजनिक कार्याकडे वळवण्याची प्रक्रिया. बोलीभाषेत यालाच जिद्दीला पेटणे, इरेला पडणे म्हणतात. मानसशास्त्रात हा विषय प्रेरणा आणि भावनांचे नियमन या दोन्ही शाखांत मोडतो. नागपूर शहराच्या इतिहासात या प्रक्रियेची वैयक्तिक आणि सामूहिक अशी दोन्ही रूपे ठळक दिसतात, म्हणून येथील विवेचन मुख्यतः त्या शहराच्या आधाराने केले आहे.

भारतीय परंपरेचा कल या भावनांवर विश्वास न ठेवण्याकडे आहे. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे षड्रिपू; त्यांना जिंकायचे असते, कामाला लावायचे नसते. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि त्यातून बुद्धिनाश अशी उतरंड सांगितली आहे. भरताच्या नाट्यशास्त्राची दृष्टी निराळी. त्याने मानलेल्या आठ स्थायिभावांपैकी क्रोध, शोक, भय आणि जुगुप्सा हे चार क्लेशकारकच आहेत, तरी त्यांतून रस निष्पन्न होतो. अर्थात रंगमंचावरचा क्रोध प्रेक्षकाच्या घरचा नसतो. अडचण असते ती घरच्या क्रोधाची.

पाश्चात्त्य विचारात झिग्मंड फ्रॉइड यांनी समाजाला न मानवणाऱ्या ऊर्मी कला, ज्ञान, परिश्रम यांत उतरतात असे मांडले आणि त्याला उदात्तीकरण म्हटले. आल्फ्रेड आडलर यांनी १९०७ मध्ये शारीरिक उणीव भरून काढण्याच्या धडपडीवर लिहिले. न्यूनगंडाची कल्पना पुढे त्यांच्यामुळेच रूढ झाली. प्रयोगशाळेतले काम यानंतर वाढत गेले. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांचा १९०८ चा प्रयोग व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांत हमखास सांगितला जातो : ताण थोडा वाढला की काम सुधारते, फार वाढला की बिघडते. तो प्रयोग उंदरांना विजेचे झटके देऊन केला होता, हे सांगायचे मात्र बहुतेक व्याख्याते विसरतात. त्यातला जास्त उपयोगी भाग असा की काम जितके अवघड, तितका त्याला कमी ताण मानवतो. रागाच्या भरात मैदानाला दोन फेऱ्या जास्त मारता येतील, पण त्याच रागात गणिताचा पेपर सोडवायला बसणारा हातचे मार्क घालवतो.

सगळ्या भावना एकसारख्या वागत नाहीत. राग माणसाला अडथळ्याच्या अंगावर नेतो, भीती मागे खेचते. चार्ल्स कार्व्हर आणि एडी हार्मन-जोन्स यांनी २००९ मध्ये रागाची ही बाजू सविस्तर मांडली : राग अप्रिय असला तरी तो पुढे सरकवणारा आहे. भीतीबाबत ॲलिसन वुड ब्रूक्स यांचे २०१४ चे प्रयोग महत्त्वाचे ठरले. गाणे, भाषण किंवा गणिताची चाचणी यांच्या तोंडावर स्वतःला ‘शांत हो’ असे बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आला आहे’ असे म्हणणाऱ्यांची कामगिरी चांगली झाली. छातीतली धडधड तीच राहते, फक्त तिचा अर्थ बदलतो. काहीजण याच्या उलट वाटेने जातात : काय काय बिघडू शकेल याची आधीच यादी करून त्या धास्तीने कसून तयारी करतात. ज्युली नॉरेम आणि नॅन्सी कँटर यांनी १९८६ मध्ये या वृत्तीचा अभ्यास केला. अशा माणसाला ‘सकारात्मक विचार कर’ असा सल्ला दिला तर त्याची तयारीच ढासळू शकते. हेव्याचेही दोन प्रकार नील्स व्हॅन द व्हेन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये वेगळे केले : एक समोरच्याला खाली ओढू पाहणारा, दुसरा स्वतःला त्याच्या पातळीवर नेऊ पाहणारा. त्यांच्याच पुढच्या अभ्यासात निव्वळ कौतुकापेक्षा या दुसऱ्या हेव्याने लोक कामाला अधिक चिकटून राहिलेले आढळले.

‘राग बाहेर काढा म्हणजे मोकळे वाटेल’ ही समजूत मात्र टिकलेली नाही. ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात ज्याने डिवचले त्याला डोळ्यांसमोर आणून पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग वाढला. काहीही न करता गप्प बसलेले सर्वांत कमी आक्रमक राहिले. मनात तेच ते घोळवल्याने भावना जिवंत राहते, पण काम पुढे सरकत नाही. याउलट, अमुक प्रसंग आला की तमुक कृती करायची असे आधीच ठरवून ठेवणारे ध्येय गाठण्याची शक्यता वाढते, हे पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवले. दोन्ही मिळून अर्थ असा निघतो की भावना फक्त जोर पुरवते. दिशा वेगळी कमवावी लागते.

नागपुरात ही दिशा कमावण्याचे सर्वांत मोठे उदाहरण दीक्षाभूमीवर आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झालेल्या बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. ज्या पारशी अतिथीगृहात ते उतरले होते, तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेईपर्यंत एकवीस वर्षे गेली, आणि या विषयाच्या दृष्टीने हीच वर्षे पाहण्यासारखी आहेत. त्या काळात धर्मांचा अभ्यास झाला, संघटना बांधल्या गेल्या. जुलै १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या त्यांच्या राजकीय पक्षाचा पाया नागपुरातल्याच अधिवेशनात घातला गेला आणि त्याला जोडून महिलांची परिषदही भरली. संतापाच्या झटक्यात धर्म सोडता आला असता. येथे संतापाला अभ्यास, संघटना आणि तारीख मिळाली.

दीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच्या नागपूरच्या भाषणात त्यांनी मेलेली गुरे ओढण्याचे काम सोडल्याने बुडणाऱ्या उत्पन्नाचा हिशेब मांडणाऱ्या टीकाकारांना उत्तर दिले. माणसाला लाभापेक्षा इज्जत प्यारी असते, असा त्या उत्तराचा आशय होता. यशाची व्याख्या पगार आणि पद एवढ्यावरच करणाऱ्या आजच्या प्रेरणादायी साहित्यात ही बाजू क्वचितच येते : अपमानातून उठलेला माणूस कधीकधी तोट्याचा व्यवहार जाणूनबुजून पत्करतो आणि तेच त्याचे यश असते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणारी माणसे येथून पुस्तके घेऊन परततात. त्या दिवसांत दीक्षाभूमीच्या परिसरातल्या पुस्तकांच्या दुकानांवर उसळणारी गर्दी सर्वपरिचित आहे.

रागाला वाट देण्याची नागपूरची आणखी एक रीत आहे, ती मारबत, म्हणजे अनिष्टाचा स्त्रीरूपी पुतळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी मारबत इतवारी-महाल भागातून मिरवत नेऊन जाळतात. १८८० च्या दशकापासून ही प्रथा चालत आली आहे. ‘इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्या उठतात. सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषरूपी पुतळ्यांवर, त्या त्या वर्षीची महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यांचे खड्डे आणि कधी एखादा पुढारी स्वार असतो. बुशमन यांचा निष्कर्ष येथे लावला तर मारबतीने राग वाढायला हवा. पण ठोशांची पिशवी आणि मारबत यांत फरक आहे : येथे तक्रारीला सर्वांसमक्ष नाव मिळते आणि दिवस मावळेपर्यंत प्रकरण संपते. तरीही ही प्रेरणा नव्हे. खड्डा जाळल्याने बुजत नाही, हे बडग्या वाहणाऱ्यालाही ठाऊक असते.

प्रादेशिक सल हा या शहराचा तिसरा धागा. दीक्षेनंतर जेमतेम अडीच आठवड्यांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेत नागपूरचा जुन्या मध्य प्रदेशाच्या राजधानीचा दर्जा गेला. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेली आश्वासने पाळली गेली नाहीत, ही तक्रार तेव्हापासून येथील चहाच्या टपरीवरही ऐकू येते. तिचे बरेचसे रूप घोळवण्याचेच आहे. अपवाद अनुशेषाचा, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या तुटीचा : वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक असमतोल क्षेत्रवार मोजला आणि सलाला आकडा मिळाला. आकड्यावर भांडता येते, मागता येते, उत्तर घेता येते.

क्रिकेटमध्ये हा सल मैदानात उतरलेला दिसतो. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाने पहिला करंडक २०१७-१८ मध्ये दिल्लीला हरवून जिंकला. पुढच्या वर्षी नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला हरवून तो राखला. दोन्ही वेळचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित त्याआधी मुंबईच्या प्रशिक्षकपदावरून दूर केले गेले होते. २०१६ मध्ये कसोटीत त्रिशतक ठोकूनही संघाबाहेर फेकला गेलेला करुण नायर याने डिसेंबर २०२२ मध्ये क्रिकेटकडे आणखी एक संधी जाहीरपणे मागितली. २०२३ मध्ये तो विदर्भाकडे आला, २०२४-२५ च्या रणजी अंतिम सामन्यात शतक काढून संघाच्या तिसऱ्या विजेतेपदात सहभागी झाला आणि २०२५ मध्ये कसोटी संघात परतला. नाकारलेल्यांचा संघ म्हणून ही कथा सांगायला सोपी आहे. प्रत्यक्षात तिच्यामागे वर्षानुवर्षे तयार होत आलेले खेळाडू, सरावाच्या सोयी आणि पंडितांची कुप्रसिद्ध शिस्तही होती.

नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुख यांच्याबाबतही हेच पथ्य पाळावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर, प्रेक्षक खेळाऐवजी कपडे आणि केसांविषयी बोलतात, अशी नाराजी त्यांनी उघडपणे मांडली. त्याच वर्षी त्या कनिष्ठ गटाच्या जगज्जेत्या झाल्या, ऑलिम्पियाडमध्ये सुवर्णपदक मिळवले आणि जुलै २०२५ मध्ये कोनेरू हंपी यांना हरवून महिला विश्वचषक जिंकला. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली असे ठरत नाही; बालवयापासूनचा सराव मध्ये उभा असतो. शिवाय अशा यादीत फक्त जिंकलेलेच येतात. तितक्याच अपमानाने पेटून हरलेल्यांची मुलाखत कोणी घेत नाही.

व्यवहारात ही प्रेरणा सर्वाधिक वापरली जाते ती अभ्यासिकांत. पोलीस भरती, राज्यसेवा, वैद्यकीय प्रवेश यांची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या वहीत पहिल्या पानावर नातेवाइकाचा टोमणा लिहिलेला असणे नवलाचे नाही. सुरुवातीला तो पहाटे उठवतो. परंतु परीक्षेचा पल्ला दोन-तीन वर्षांचा असला की टोमणा पुरत नाही. विषयाची गोडी किंवा कामाची सवय त्याची जागा घेत नसेल तर उरते ती फक्त जळजळ. ‘काकांना दाखवून देईन’ या जिद्दीत आणखी एक खोट आहे : आपल्या यशाचा परीक्षक आपण काकांना नेमतो, आणि काका सहसा पास करत नाहीत.

कचेऱ्यांत याचा दुरुपयोगही होतो. विक्रीचे टार्गेट हुकलेल्या माणसाला बैठकीत सर्वांदेखत उभे करून ‘यातूनच तो पेटेल’ असे मानणारे साहेब कमी नाहीत. स्वतःच्या दुःखातून स्वतः बळ काढणे आणि दुसऱ्याला बळ यावे म्हणून दुःख देणे यांची गल्लत या विषयावरच्या लोकप्रिय भाषणांत सतत होते. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांच्या १९६७ च्या प्रयोगांत, काहीही केले तरी झटके थांबत नाहीत असा अनुभव घेतलेल्या कुत्र्यांनी पुढे सुटका शक्य असतानाही धडपड सोडली होती. जेथे माणसाच्या हाती काहीच ठेवलेले नसते, तेथे अपमानातून जिद्द निघत नाही, हताशा निघते.

झोप उडणे, जेवण सुटणे, आठवडेच्या आठवडे कशातच मन न लागणे, जगणे नकोसे वाटणे ही लक्षणे असतील तर ती भावना वळवण्याची वेळ नसते, उपचाराची असते. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा मनोविकार विभाग आणि प्रादेशिक मनोरुग्णालय येथे उपचार मिळतात. केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही उपलब्ध आहे.