अंदमान की लक्षद्वीप: आधी तिकीट की आधी परवाना?

दोन्ही केंद्रशासित प्रदेश, दोन्हीकडे निळंशार पाणी आणि नारळाची झाडं. त्यामुळे बेटांच्या सहलीचा विषय निघाला की अंदमान आणि लक्षद्वीप ही नावं एकाच दमात घेतली जातात. जानेवारी २०२४मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्याचे फोटो आल्यापासून तर ‘या वेळी अंदमानऐवजी लक्षद्वीप करू’ असं सहज ठरतं. पण या दोन सहलींची आखणी उलटसुलट क्रमाने होते. अंदमानला आधी विमानाचं तिकीट, मग बोटीचं, मग हॉटेल. लक्षद्वीपला आधी राहण्याची पक्की सोय, मग परवाना आणि सगळ्यात शेवटी तिकीट. लक्षद्वीपचं स्वस्त तिकीट दिसलं म्हणून घेऊन टाकलं आणि परवाना वेळेत आला नाही, तर पैसे गेलेच.

फरक जमिनीपासूनच सुरू होतो. अंदमान-निकोबारचं क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर. ही समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेची माथी आहेत. वर दाट जंगल आणि ७३२ मीटर उंचीचं सॅडल पीक. लक्षद्वीपची छत्तीसच्या छत्तीस बेटं मिळून भरतात फक्त ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या एक तृतीयांशाहूनही कमी. त्यातल्या दहा बेटांवर वस्ती आहे. ही प्रवाळाची बेटं समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच आहेत. वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा वाढला की विहिरी खारट होतात. राजधानी कवरत्तीला २००५पासून समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प चालतो तो याचसाठी. खोल्या मोजक्या का आणि पाणी जपून वापरायला का सांगतात, याचं उत्तर इथे आहे.

परवान्याचं मूळ मात्र कायद्यात आहे. लक्षद्वीपचे बहुतेक रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात आणि बाहेरच्यांच्या प्रवेशावर १९६७च्या नियमांनी बंधन आहे. अर्ज ऑनलाइन होतो. ओळखपत्र, फोटो, राहण्याच्या बुकिंगचा पुरावा आणि मागितल्यास पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. हा दाखला महाराष्ट्रात ऑनलाइन मागता येतो, पण पोलीस ठाण्यात पडताळणी व्हायला वेळ जातो, म्हणून निदान महिना-दीड महिना हाताशी ठेवा. कागदपत्रांची यादी अधूनमधून बदलते. अर्ज करण्याच्या दिवशी अधिकृत पोर्टलवर जी असेल तीच खरी. परवान्यावर ज्या बेटांची नावं असतील तिथेच जाता येतं. अगत्ती बेटावर उतरून ‘आता मिनिकॉय बेटपण बघून येऊ’ हे चालत नाही.

अंदमानला भारतीय नागरिकांना नेहमीच्या पर्यटन बेटांसाठी परवाना लागत नाही. निकोबार आणि आदिवासी राखीव क्षेत्रं मात्र पर्यटकांना सहसा बंद. बाराटांग बेटावरच्या चुनखडीच्या गुहांकडे जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानेच सोडतात; वाटेत थांबणं, फोटो काढणं, जारवांना खायला देणं हे सगळे गुन्हे आहेत.

आता पोहोचायचं कसं. अंदमानला चेन्नई किंवा कोलकात्याहून सुमारे दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४मध्ये शहराचं नाव श्री विजयपुरम झालं, हॅवलॉक बेटाचं २०१८मध्ये स्वराज द्वीप आणि नील बेटाचं शहीद द्वीप. तिकिटांवर आणि हॉटेलांच्या पत्त्यांत जुनी-नवी नावं मिसळलेली दिसतात, गोंधळू नका. आखणी फसते ती बोटीच्या वेळेपाशी. दुपारच्या विमानाने उतरून त्याच दिवशी हॅवलॉकची बोट धरायला जाऊ नका. खासगी बोटींना दीड ते अडीच तास लागतात आणि शेवटची बोट दुपारीच सुटते. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला काढा, सेल्युलर जेल त्याच संध्याकाळी बघा. सावरकर १९११ ते १९२१ या काळात तिथे कैदेत होते, त्यामुळे मराठी प्रवासी ते चुकवत नाहीतच. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीही पोर्ट ब्लेअरला येऊन राहा. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

लक्षद्वीपला विमानतळ एकच, अगत्ती. धावपट्टी आखूड असल्याने छोटी विमानं उतरतात, जागा कमी आणि सामानाच्या वजनाची मर्यादाही कमी. मुख्य वाट कोचीहून. गोव्याहूनही २०२४पासून थेट सेवा सुरू झाली, पण वेळापत्रक बदलतं, तेव्हा तारीख ठरवण्याआधी तपासा. दुसरा मार्ग कोचीहून जहाजाचा, बेटानुसार साधारण १४ ते २० तास. ‘समुद्रम’ या सरकारी पॅकेजमध्ये रात्री जहाजावर झोपायचं आणि दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय बघायचं अशी रचना असते. यात एक गोष्ट आधी कोणी सांगत नाही. बऱ्याच ठिकाणी जहाज बेटाभोवतीच्या उथळ पाण्याच्या, म्हणजे लगूनच्या, बाहेर थांबतं आणि जहाजाच्या कुशीतल्या दारातून खाली लागलेल्या होडीत उतरावं लागतं. होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते. ती वर आली की खलाशी हात धरून घेतो आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचं असतं. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना हे जमणार नसेल तर विमानाने अगत्ती आणि तिथेच मुक्काम, हेच बरं.

पाण्याचा स्वभावही वेगळा. लक्षद्वीपचं लगून म्हणजे प्रवाळाच्या कड्याने अडवलेलं उथळ, शांत पाणी. लहान मुलं असतील आणि पाण्यात डुंबणं हाच बेत असेल, तर आमचं मत सरळ लक्षद्वीपच्या बाजूने. अंदमानला भरती-ओहोटीचा हिशेब ठेवावा लागतो. नीलचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो. उलट हॅवलॉकच्या विजयनगर किनाऱ्यावर ओहोटीत पाणी इतकं मागे हटतं की पोहण्याचा बेत फसतो. कोकणातला ‘तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ’ हा हिशेब इथे लावू नका, पोर्ट ब्लेअरचं भरतीचं कोष्टक बघा. काही किनाऱ्यांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरींचा इशारा देणाऱ्या पाट्या असतात, त्या ठिकाणी पाण्यात उतरायचंच नाही.

घड्याळ एकच असलं तरी सूर्य एक नाही. अंदमान बरंच पूर्वेला असल्याने डिसेंबरमध्ये तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघायचा तर साडेतीनलाच निघा. लक्षद्वीप जवळपास मुंबईच्याच रेखांशावर आहे, तिथे सवासहापर्यंत उजेड मिळतो.

हंगाम: लक्षद्वीपला ऑक्टोबर ते एप्रिल. अंदमानला परतीच्या मोसमी वाऱ्यांचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो, म्हणून दिवाळीच्या सुट्टीपेक्षा जानेवारी ते मार्च चांगले.

खाण्यापिण्यात शाकाहाऱ्यांना अंदमान सोपं. लक्षद्वीपला मुख्य अन्न टूना आणि नारळ, भाजीपाला कोचीहून येतो. खाकरे, चटण्या बरोबर घ्या. बंगाराम बेटाचा अपवाद सोडला तर दारूबंदी आहे, ती बॅगेतही नेऊ नका. गावात फिरताना अंगभर कपडे, पोहण्याचे कपडे पर्यटकांच्या किनाऱ्यापुरतेच. एटीएमच्या भरवशावर न राहता रोख रक्कम जवळ ठेवा.

दोन्हीपैकी कुठेही स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर तो सहलीच्या सुरुवातीला ठेवा. शेवटची डुबकी आणि विमान यांत निदान १८ तास, शक्यतो २४ तास हवेत, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंत त्रास होऊ शकतो. जहाजाने परतणाऱ्यांना हे बंधन नाही. आणि किनाऱ्यावर मेलेला प्रवाळ पडलेला दिसला तरी उचलू नका. तो नेणं गुन्हा आहे आणि परतीच्या सामान तपासणीत पकडला जातो.