वडार-कुंभारांसाठी गौण खनिज: माफी कशाची, परवाना कशाचा आणि हरकत कुठे द्यायची

सुरुवातीलाच सांगतो, कारण सगळा घोळ इथेच होतो. स्वामित्वधन (रॉयल्टी) माफ आहे म्हणजे परवानगी माफ आहे, असं नाही. "आम्हाला दोनशे ब्रास माफ आहेत" असं म्हणत गावाशेजारच्या टेकाडावर पहार लावली, ट्रॉली भरली आणि नाक्यावर अडकली, अशी माणसं दर उन्हाळ्यात माझ्या टेबलासमोर येऊन बसतात. मी तालुक्याच्या गावी अर्ज लिहून देतो. दंडाचा कागद हातात पडल्यावर माणूस येतो, तेव्हा निम्मी लढाई हरलेली असते. म्हणून हे आधीच वाचा.

कायदा थोडक्यात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजावर हक्क सरकारचा. दगड, मुरूम, माती, साधी वाळू ही गौण खनिजं. त्यांचे नियम करायचा अधिकार १९५७ च्या केंद्रीय खनिज कायद्याच्या कलम १५ ने राज्याला दिला आहे, आणि आपल्याकडे सध्या २०१३ चे महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम लागू आहेत. खडी क्रशरवाला आणि सुतकी-छिन्नीने दगड फोडणारा, दोघंही याच नियमांच्या चाळणीतून जातात. वडार समाजाचा राग आहे तो या एकाच चाळणीवर, आणि मला तो रास्त वाटतो. पण रागाचा अर्ज वेगळा आणि परवान्याचा अर्ज वेगळा. एकात दुसरा घुसडला की दोन्ही पडून राहतात.

माफी कोणाला

परंपरेने दगडमातीचं काम करणाऱ्या वडार व्यक्तीला वर्षाला २०० ब्रासपर्यंत स्वामित्वधनात सूट आहे. कुंभाराला ५०० ब्रास मातीपर्यंत. ब्रास म्हणजे १०० घनफूट. १ जुलै २०२१ पासून स्वामित्वधनाचा दर ब्रासला ६०० रुपये झाला, म्हणजे २०० ब्रासची सूट १,२०,००० रुपयांची होते. अर्ज कराल त्या दिवशीचा दर मात्र तहसीलमध्ये विचारून घ्या.

सूट मिळते ती व्यक्तीला आणि तिच्या पारंपरिक कामाला. वडाराच्या नावावर परवाना आणि खड्ड्यात ठेकेदाराचं पोकलेन, असं दिसलं की सूट जाते आणि वर गुन्ह्याची भीती. नाव वापरायला देणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो: हजार-दोन हजार रुपये मिळतात, पण आदेशावर नाव तुमचं येतं.

शेतकऱ्यांचा प्रश्न निराळा. धरण-तलावातला गाळ शेतात टाकायचा असेल तर गाळमुक्त धरण योजनेखाली अर्ज करा, या वाटेला येऊ नका.

जमीन कुठली, हे आधी

सातबारा काढा आणि इतर हक्काचा रकाना नीट वाचा. गायरान, गावठाण, नाला, पडीक, विदर्भात ई-क्लास, या सगळ्या 'सरकारी' असल्या तरी एकसारख्या नाहीत. वनाची नोंद असेल तर तहसीलदारांच्या हातात काही नाही, १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. विदर्भातल्या लोकांनी 'झुडपी जंगल' हे दोन शब्द खास शोधावेत. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी ही जमीन वनच मानली आहे. आजोबांच्या काळापासून तिथून दगड काढत आलो, हे खरं असलं तरी परवान्याला पुरणार नाही.

अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या गावात गौण खनिजाचा परवाना देण्याआधी ग्रामसभेची शिफारस घ्यावीच लागते, ही अट १९९६ च्या पेसा कायद्यातून आली आहे; आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा हा कायदा. ग्रामपंचायतीचा ठराव आणि ग्रामसभेचा ठराव यांत फरक आहे. सरपंचाच्या सहीचं पत्र ग्रामसभेच्या जागी चालत नाही.

अर्ज आणि कागद

थोड्या परिमाणाचा तात्पुरता परवाना तहसीलदारांकडे, त्यापुढचा प्रांतांकडे (उपविभागीय अधिकारी), मोठा जिल्हाधिकाऱ्यांकडे. सोबत साधारणपणे हे मागतात:

- अर्ज: खनिज कोणतं, किती ब्रास, किती दिवस, कशासाठी
- आधार आणि रहिवासाचा पुरावा
- जातीचा दाखला (वडार भटक्या जमाती ब मध्ये, कुंभार इतर मागासवर्गात)
- सातबारा आणि जागेचा नकाशा, चतुःसीमेसह
- ग्रामपंचायतीचा ना-हरकत ठराव
- हाताने काम करणार, यंत्र व सुरुंग वापरणार नाही, असं प्रतिज्ञापत्र

शेवटचा कागद कोणी मागितला नाही तरी जोडा, आणि मग तसंच वागा. सुरुंगाला स्फोटकांचा वेगळा परवाना लागतो. एकदा बार उडाला की 'पारंपरिक' हा शब्द कोणी ऐकून घेत नाही.

नंतर तलाठी (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) आणि मंडळ अधिकारी स्थळ पाहणी करतात. त्या दिवशी तिथे हजर राहा. परवाना मिळाल्यावर प्रत्येक खेपेला वाहतूक पास लागतो, तो सरकारच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीतून निघतो. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याला दर ट्रॉलीमागे सेतू केंद्र गाठावं लागतं, आणि पासाची वेळ उलटली की भरलेली ट्रॉली बेकायदा ठरते.

खड्डा मोजून ठेवा

कागदांपेक्षा हे महत्त्वाचं, म्हणून जरा थांबून सांगतो. दंड ब्रासवर लागतो आणि ब्रास खड्ड्याच्या मापावरून निघतात. लांबी ४० फूट, रुंदी २५, खोली ३, म्हणजे ३,००० घनफूट, ३० ब्रास. सरळ हिशोब. पण त्या खड्ड्यातले पहिले दोन फूट पाच वर्षांपूर्वी रस्त्याच्या ठेकेदाराने खाल्ले असतील तर? पंचनामा करणाऱ्याला तो खड्डा एकच दिसतो. माझ्याकडे आलेल्या एका म्हाताऱ्याने काढले होते जेमतेम दहा ब्रास, कागदावर लागले तीस. "माझ्या सुतकीला एवढं बळ असतं तर मी इथं बसलो असतो का?" असं तो म्हणाला. उत्तर माझ्याकडेही नव्हतं, कारण काम सुरू करण्याआधीचा एकही फोटो नव्हता.

म्हणून पहार लावण्याआधी जुन्या खड्ड्याचे फोटो काढा, मध्ये टेप धरून. जुनं माप स्थळ पाहणीच्या अहवालात लिहून घ्या. फोडलेल्या दगडाचा ढीग जागच्या दगडापेक्षा मोठा दिसतो, तेव्हा माप ढिगाचं घेतलं की खड्ड्याचं, हेही पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा. पटत नसेल तर सहीवर 'माप मान्य नाही' असं स्वतःच्या हाताने लिहा. तो तुमचा अधिकार आहे.

दंड झालाच तर

कलम ४८(७) खाली खनिजाच्या बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होतो. 'पर्यंत' हा शब्द अधोरेखित करा. पाचपट ही कमाल आहे. आदेशात पाचपटच का, याचं कारण नसेल तर अपिलात तो पहिला मुद्दा. गाडी-यंत्राची जप्ती ४८(८) खाली, आणि ती सोडवण्याची रक्कम वेगळी: २०१८ च्या नियमांप्रमाणे ट्रॅक्टर-ट्रॉलीला १ लाख, एक्सकॅव्हेटरला साडेसात लाख. समजा ४ ब्रास सापडले आणि बाजारभाव २,००० धरला, तर दंड ४०,००० पर्यंत आणि ट्रॅक्टरचे १ लाख वर. वर्षभराची माफी एका फेरीत गेली.

अपील संहितेच्या कलम २४७ खाली. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर मुदत ६० दिवस, एरवी ९०. सोबत कलम २५६ खाली स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी द्या, नाहीतर अपील चालू असताना वसुलीही चालू राहते. पंचनाम्याची प्रत देत नसतील तर माहिती अधिकारात मागा.

एक अपवाद ध्यानात ठेवा. स्वतःच्या प्लॉटवर पाया खणून तीच माती त्याच प्लॉटवर पसरली, तर तिच्यावर स्वामित्वधन लागत नाही. पुण्याच्या बिल्डर संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये तसं म्हटलं आहे. माती प्लॉटबाहेर गेली की हा बचाव संपला.

नियमच मान्य नसेल तर

मोर्चा, निवेदन, धरणं हे सगळं होतंच. पण निवेदनात 'जाचक अटी रद्द करा' एवढंच असेल तर ते फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. अट नेमकी कुठली आणि ती बदलायचा अधिकार कोणाकडे, हे लिहावं लागतं.

२०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागू केली. कारण उघड होतं: मोठी खाण कागदावर तुकडे करून लहान दाखवली जात होती. नद्या खरवडल्या गेल्या, हे कोणी नाकारू नये. मात्र फटका छिन्नीवाल्यालाही बसला. मग १५ जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेत मंजुरी न लागणाऱ्या कामांची यादी आली. त्यात कुंभाराने हाताने काढलेली माती आहे (मडकी, पणत्या, खेळणी यांसाठी; कौलं बनवणाऱ्यांनी हाताने काढलेलीही आहे, वीटभट्टीचं मात्र नाव नाही). पुरानंतर शेतात साचलेली वाळू काढणं आहे. गावाच्या रूढीप्रमाणे घरच्या वापरासाठी माती-वाळू घेणं आहे. विहीर खणणं आहे. आणि गुजरातमधल्या वणजारा व ओड समाजाचं वाळूचं पारंपरिक कामही आहे, कारण गुजरात सरकारची १९९० ची अधिसूचना तयार होती. महाराष्ट्रातल्या वडारांचं नाव त्या यादीत नाही.

ओडांना जे मिळालं ते वडारांना का नाही, हा प्रश्न मला कुठल्याही घोषणेपेक्षा धारदार वाटतो. त्याच यादीत शेवटी एक दारही आहे: राज्याने आपल्या कायद्या-नियमांत 'खाणकाम नव्हे' असं ठरवलेलं काम. म्हणजे मागणी महसूल विभागाकडे अशी करायची: हत्यारं हाताची, यंत्र नाही, सुरुंग नाही, अमुक ब्रासपर्यंत, एवढं काम नियमात दुरुस्ती करून खाणकामातून वगळा. फार मोठी व्याख्या मागू नका. रस्त्यांसारख्या लांबलचक प्रकल्पांच्या मातीला केंद्राने २०२० मध्ये दिलेली सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये रद्द केली आहे. मर्यादा नसलेली सूट टिकत नाही.

दुसरी जागा जिल्ह्यातच आहे. जिल्हा सर्वेक्षण अहवालात कुठल्या गावात कुठलं खनिज आणि कुठून काढता येईल ते ठरतं. त्याचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर २१ दिवस लोकांसाठी ठेवावा लागतो, आणि आलेल्या सूचनांचा विचार करावा लागतो. या २१ दिवसांत वडारवस्तीतून अर्ज गेलेला मी क्वचितच पाहिला. क्रशरवाल्यांचे सल्लागार मात्र पहिल्या आठवड्यात पोचतात.

हरकतीचा अर्ज एका पानाचा पुरतो. गाव, गट नंबर, तिथे किती कुटुंबं हाताने दगड काढतात, कोणतं हत्यार, वर्षाला अंदाजे किती ब्रास. मग मागणी एकच: हा गट अहवालात दाखवा आणि हाताच्या कामासाठी राखून ठेवा, लिलावात घालू नका. खाली कुटुंबप्रमुखांच्या सह्या किंवा अंगठे, आणि जोडीला ग्रामसभेचा ठराव. दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर तारीख आणि आवक क्रमांकासह शिक्का मारून घ्या. "साहेब आले की देतो" असं म्हणाले तर तिथेच बसा.