उजेड कमी पडला म्हणजे पेशी मेल्या असं नव्हे

एटीपीवर (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर) चालणारी जिवंतपणाची चाचणी तुम्ही करत असालच: पेशी फोडायच्या, ल्युसिफरेज (उजेड पाडणारं विकर, म्हणजे एन्झाइम) आणि ल्युसिफेरिन (त्याचं इंधन) घालायचं, ल्युमिनोमीटरवर उजेड मोजायचा. एटीपी जितका जास्त, तितका उजेड. इथवर कुणाचं चुकत नाही. चुकतं ते पुढे: औषध दिलेल्या पेशींचा उजेड कंट्रोलच्या, म्हणजे औषध न दिलेल्या पेशींच्या, किती टक्के ते काढून १०० मधून ही टक्केवारी वजा करून आलेख काढताना आणि उभ्या अक्षावर बिनदिक्कत ‘पेशीमृत्यू’ लिहिताना. ही वजाबाकी दिसली की माझं डोकं फिरतं.

साधं गणित करू. वेलमध्ये (प्लेटमधल्या एका खळग्यात) २,००० पेशी टाकल्या, त्या दर २४ तासांनी दुप्पट होतात. ७२ तासांनी कंट्रोलमध्ये १६,००० झाल्या. औषधाने विभाजन पूर्ण थांबवलं, पण एकही पेशी मारली नाही. तिथे २,०००च राहिल्या. पेशीमागे एटीपी तेवढाच धरला तर जिवंतपणा १२.५ टक्के दिसेल आणि अहवालात येईल, ‘८७.५ टक्के पेशी नष्ट’. नष्ट कुठे झाल्या? त्या जन्मल्याच नाहीत. औषध घालतानाच एक वेगळी प्लेट मोजून ठेवा. वाचन त्या सुरुवातीच्या आकड्याखाली गेलं तरच मृत्यूचा संशय घ्यायचा. संशयच, कारण माइटोकॉन्ड्रिया (पेशीत एटीपी बनवणारे भाग) बिघडवणारं औषध पेशी न मारताही एटीपी पाडू शकतं.

मारकतेची चाचणी वेगळाच प्रश्न विचारते: पेशीचं पटल फुटलं का? फुटलेल्या पेशीतून प्रोटिएज (प्रथिनं तोडणारं विकर) बाहेर पडतं आणि जिवंत पेशीत शिरू न शकणाऱ्या पेप्टाइडमधून (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीतून) अमिनोल्युसिफेरिन, म्हणजे ल्युसिफेरिनचंच एक रूप, मोकळं करतं. इथेही ल्युसिफरेजच चमकतं, पण त्याला लागणारा एटीपी चाचणीसाठी घातलेल्या अभिकर्मकातूनच येतो. यंत्रावर दोन्हीकडे आकडे सारखेच दिसतात, म्हणून गल्लत होते. वरच्या उदाहरणात ही चाचणी जवळपास सपाट रेघ दाखवेल.

तिचीही एक खोड आहे. बाहेर पडलेली विकरं माध्यमात टिकून राहत नाहीत. उदाहरणार्थ, एलडीएच या दुसऱ्या अशाच विकराचं अर्धायुष्य साधारण ९ तास. सहाव्या तासाला मेलेल्या पेशी ७२व्या तासाला शोधल्या, तर तोवर ते सातेक वेळा निम्मं झालेलं असतं. मग ‘औषध निरुपद्रवी’ असा शेरा पडतो! झटपट मारणाऱ्या औषधाला लवकर गाठा.

पांढऱ्या भिंतींची प्लेट, तापमान स्थिर होऊ देणं वगैरे किटच्या कागदावर आहेच. ल्युसिफरेजलाच अडवणारं संयुग मात्र दोन्ही चाचण्यांना फसवतं; पेशी नसलेल्या वेलमध्ये एटीपी आणि औषध घालून एकदा तपासा.

एकच चाचणी निवडायची तर मी दोन वाचनांची प्रोटिएज चाचणी घेईन: आधी मृत पेशींचा उजेड, मग त्याच वेलमध्ये डिजिटोनिनने (पटल फोडणाऱ्या रसायनाने) उरलेल्या फोडून एकूण. वजाबाकीची एवढीच हौस असेल, तर ती इथे भागवा.