नाशिकमधला देहविक्रय: नोंदीमागचा इतिहास

नाशिकच्या इतिहासात रामकुंड येते, काळाराम मंदिराचा सत्याग्रह येतो. देहविक्रय करणाऱ्या बायका येत नाहीत. सरकारदरबारी मात्र त्यांची नोंद दीडशे वर्षांपासून होत आली, आणि बहुतेक वेळा ती दुसऱ्याच कुणाच्या काळजीपोटी झाली.

सुरुवात छावणीपासून करावी लागते. विलायतेहून मुंबईला उतरलेले गोरे शिपाई रेल्वेने देवळालीच्या छावणीत येत आणि तिथून देशभर पाठवले जात. १८६४ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याने लष्करी छावण्यांमधल्या देहविक्रय करणाऱ्या बायकांची नोंदणी आणि वैद्यकीय तपासणी सुरू झाली. आजारी आढळलेल्या बाईला रुग्णालयात डांबून ठेवत. शिपायाला तपासणीची सक्ती नव्हती. जपायचा होता तो शिपाई. बाई बरी होते की नाही, हा विषयच नव्हता.

या व्यवसायात येणाऱ्या बायकांमागे जात आणि भूक दोन्ही होत्या. खंडोबाला मुरळी सोडलेल्या मुली बहुतेक दलित घरांतल्या. विठ्ठल रामजी शिंदे आणि शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच या प्रथेविरुद्ध काम केले. डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात, १९३५ साली. पुढच्याच वर्षी मुंबईत मुरळ्या, जोगतिणी आणि देवदासींच्या सभेत त्यांनी कामाठीपुऱ्यातल्या बायकांना हे जिणे सोडण्याचे कळकळीचे आवाहन केले. मग पोट कसे भरायचे, हा त्या बायकांचा प्रश्न त्यांनी स्वतःच बोलून दाखवला. वाट मात्र बायकांनी स्वतःच शोधायची होती. तो प्रश्न आजही तितकाच खरा आहे.

नाशिकरोडचे छापखाने, सातपूर-अंबडचे कारखाने, मुंबई-आग्रा महामार्गावरचे ट्रक, कांदा-द्राक्षांचा व्यापार यांमुळे घरापासून लांब राहणारे पुरुष इथे कायम आले. गिऱ्हाईक आले, तसा त्याभोवती वाटेकऱ्यांचा गोतावळाही उभा राहतो. खोलीचे भाडे दिवसावर, कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीचा निम्मा वाटा, दलालाचे वेगळे, सावकाराचे व्याज, आणि उरलेल्यातून गावाकडे आईबापांना व मुलांच्या शिक्षणाला पैसे. बँकेत खाते उघडायला कागद नसतात, म्हणून बचत भिशीत. आजारपणात कमाई थांबते, व्याज थांबत नाही.

१९५६ च्या कायद्याने, म्हणजे आजच्या ‘पिटा’ने (अनैतिक देहव्यापार प्रतिबंधक कायदा), या कोंडीत भर घातली. प्रौढ बाईने स्वखुशीने देहविक्रय करणे हा मुळात गुन्हा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. पण गिऱ्हाइकाला बोलावणे गुन्हा, कुंटणखाना चालवणे गुन्हा, आणि देवळापासून किंवा शाळेपासून २०० मीटरच्या आत हा व्यवसाय करणेही गुन्हा. गल्लोगल्ली देवळे असलेल्या नाशिकमध्ये असे अंतर मिळणार कुठे? कलम ४ नुसार अशा कमाईवर जगणारी १८ वर्षांवरील व्यक्तीही गुन्हेगार ठरते. कॉलेजात शिकणारा मुलगा त्यात सापडू शकतो, म्हातारी आईसुद्धा.

नव्वदच्या दशकात एचआयव्हीमुळे पुन्हा याद्या झाल्या. या वेळी कंडोम, तपासणी आणि पुढे मोफत औषधे मिळाली. वस्तीतल्याच बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. हेतू मात्र रोगाचा फैलाव रोखणे हाच होता. टाळेबंदीत त्याच याद्या रेशनसाठी कामी आल्या. सप्टेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा द्या, असा आदेश दिला. राज्य सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी दरमहा ५,००० रुपये आणि शाळकरी मुले असल्यास २,५०० रुपये जादा मंजूर केले. भाड्याच्या घरात किंवा महामार्गाच्या कडेला गुपचूप काम करणारी, कोणत्याच यादीत नसलेली बाई या मदतीपासून वंचित राहिली, आणि मला हीच गोष्ट सर्वांत जास्त खुपते.

१९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या बायकांशी सन्मानाने वागण्यास पोलिसांना बजावले आणि राहण्याचा पुरावा नसला तरी आधार कार्डाची वाट मोकळी केली. कलम ४ अजून कायद्यात आहे.